खुर्ची अर्धी जोडली आणि गोंद सुकला? वऱ्हाडाच्या उन्हात 'हळू सुकणारा' गोंद कसा निवडायचा, समजून घ्या!

मंडळी, गोंद म्हटलं की आपल्याला काय हवं असतं? पटकन चिकटला पाहिजे! जाहिरातीही हेच सांगतात. 'काही सेकंदांत पक्का', 'मिनिटांत तयार' वगैरे. तुटलेला कप किंवा चपलेचा पट्टा चिकटवायचा असेल तर ते ठीकच आहे. पण समोर सागवानी खुर्ची असेल, बंगईची पाठ असेल, जाळीचा देव्हारा असेल किंवा बारा-पंधरा तुकड्यांचा दिवाण असेल, तर पटकन सुकणारा गोंद मदत करण्याऐवजी घात करतो.

कसा? शेवटच्या जोडाला गोंद लावेपर्यंत पहिला जोड सुकलेला असतो. काही वेळा कुसू भोकात अर्धंच जातं आणि तिथेच अडकून बसतं. ते आत जात नाही आणि बाहेरही निघत नाही. हातोडा मारला तर लाकूड फुटतं. ओढून काढलं तर कडा उडतात. सागवानाचे भाव पाहता ही चूक हजारोंच्या घरात जाते.

अमरावती-अकोल्याकडे हा प्रश्न जास्तच जाणवतो, कारण इथला उन्हाळा! एप्रिल-मे महिन्यात कारखान्यात एकच आवाज ऐकू येतो, 'भाऊ, लवकर दाबा, सुकून राह्यलं!' चला तर मग, हळू सुकणारा गोंद म्हणजे काय, तो कधी लागतो, बाजारात कोणते पर्याय आहेत आणि वऱ्हाडाच्या हवेत निवड कशी करायची, हे सविस्तर पाहूया.

गोंद 'सुकतो' म्हणजे नेमकं काय होतं?

सुतारकामात सगळ्यात जास्त वापरला जाणारा पांढरा गोंद म्हणजे पॉलिव्हिनिल अॅसिटेट, थोडक्यात पीव्हीए. यात प्लास्टिकसारख्या पदार्थाचे अतिशय बारीक कण पाण्यात तरंगत असतात. गोंद लाकडाला लावला की दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. थोडं पाणी लाकूड शोषून घेतं आणि थोडं हवेत उडून जातं. पाणी कमी झालं की कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा सलग पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा दोन्ही लाकडांच्या मध्ये तयार झाला तर जोड पक्का होतो. पण लाकडं एकमेकांवर ठेवण्याआधीच तो वरच्या वर तयार झाला तर जोड कच्चाच राहतो, मग वरून कितीही दाबा.

म्हणजे पांढऱ्या गोंदाचा वेग तीन गोष्टींवर ठरतो: हवा किती गरम आहे, हवा किती कोरडी आहे आणि लाकूड किती तहानलेलं आहे. वऱ्हाडाच्या मे महिन्यात या तिन्ही गोष्टी गोंदाच्या विरोधात असतात.

डब्यावरचे चार वेगवेगळे 'वेळ'

'हा गोंद किती वेळात सुकतो?' हा प्रश्न दुकानात सगळेच विचारतात. पण खरं तर तो एक प्रश्न नाही, त्यात चार प्रश्न आहेत.

१. ओपन टाइम, म्हणजे उघडा वेळ: गोंद लावल्यापासून दोन तुकडे एकमेकांना टेकवेपर्यंत किती वेळ चालतो.

२. जोडणीचा एकूण वेळ: गोंद लावल्यापासून तुकडे सरकवून, गुण्या लावून, शिकंजा आवळेपर्यंतचा सगळा वेळ. तुकडे एकदा टेकले की गोंद हवेपासून झाकला जातो, म्हणून हा वेळ उघड्या वेळेपेक्षा जास्त असतो.

३. शिकंज्याचा वेळ: क्लॅम्प किती वेळ आवळून ठेवायचे.

४. पूर्ण ताकद येण्याचा वेळ: त्या वस्तूवर वजन कधी टाकता येईल. बहुतेक लाकडी गोंदांना यासाठी किमान २४ तास द्यावेत.

किचकट फर्निचरसाठी पहिले दोन वेळ महत्त्वाचे. गंमत म्हणजे डब्यावर बहुतेक वेळा तिसरा आणि चौथा वेळच मोठ्या अक्षरात छापलेला असतो! पहिले दोन वेळ कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात सापडतात. हे पत्रक बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर मिळतं, आणि खरेदीआधी ती पाच मिनिटं नक्की द्यावीत.

कंपनीचा आकडा अकोल्यात का चालत नाही?

माहितीपत्रकातले आकडे ठरावीक हवामानात मोजलेले असतात. उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या फ्रँकलिन इंटरनॅशनल कंपनीचा टाइटबाँड हा गोंद आपल्याकडे ऑनलाइन मिळतो. त्याचे आकडे साधारण २१ अंश सेल्सिअस तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेचे आहेत. अशी हवा अकोल्यात मिळाली तर लोक गोंद सोडून आधी फिरायला निघतील!

मे महिन्याच्या दुपारी अकोल्यात पारा ४४-४५ अंशांच्या पुढे जाणं नवीन नाही. अमरावतीही फार मागे नसते. हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येते. टिनाच्या शेडखाली तर भट्टीच असते. अशा हवेत कंपनीने सांगितलेली दहा मिनिटं तुम्हाला मिळणार नाहीत, बरीच कमी मिळतील.

लाकडाचंही तसंच आहे. हवा जितकी कोरडी, तितकं लाकूड कोरडं. ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता बराच काळ राहिली, तर लाकडातला ओलावा ४ टक्क्यांच्या आसपास खाली येतो. तेच लाकूड पावसाळ्यात ८० टक्के आर्द्रतेत राहिलं, तर ओलावा १५-१६ टक्क्यांपर्यंत जातो. उन्हाळ्यातलं कोरडं लाकूड गोंदातलं पाणी स्पंजसारखं ओढून घेतं. विशेषतः तुकड्याच्या टोकाला, जिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, तिथे गोंद लावता लावता गायब होतो.

याउलट पावसाळ्यात तोच डबा एकदम संथ वाटतो. म्हणजे 'मागच्या वेळी तर बराच वेळ मिळाला होता' हा अनुभव ऋतू बदलला की उपयोगाचा राहत नाही.

एका खुर्चीचं साधं गणित

किती वेळ लागतो याचा अंदाज आधीच कसा काढायचा? अगदी सोपं आहे. जोड मोजा.

साधी लाकडी खुर्ची घ्या. चार पाय. बैठकीखालच्या चार पट्ट्या, त्यांची दोन्ही टोकं मिळून ८ जोड. पायांना खाली बांधणाऱ्या चार आडव्या पट्ट्या, त्यांचे ८ जोड. पाठीची वरची पट्टी, तिचे २ जोड. पाठीतल्या पाच उभ्या पट्ट्या, त्यांचे १० जोड. एकूण झाले २८ जोड.

एका जोडाच्या भोकात आणि कुसूवर ब्रशने नीट गोंद लावायला २० सेकंद धरा. २८ गुणिले २० म्हणजे ५६० सेकंद, म्हणजे नऊ मिनिटांहून जास्त. आणि हा फक्त गोंद लावण्याचा वेळ झाला! त्यानंतर तुकडे बसवायचे, शिकंजे लावायचे, कर्ण मोजायचे, पाय जमिनीवर सारखे टेकतात का पाहायचं. एकट्या माणसाला वीस मिनिटं सहज लागतात.

आता टाइटबाँडच्या साध्या प्रकाराचा उघडा वेळ पाहा: ४ ते ६ मिनिटं, एकूण जोडणीचा वेळ १० ते १५ मिनिटं. तेही २१ अंशांना. म्हणजे ही खुर्ची एका दमात या गोंदाने जोडणं थंड हवेतही अवघड आहे. मग वऱ्हाडात काय होणार, वेगळं सांगायला नको.

हा हिशोब कोणत्याही फर्निचरला लावता येतो. जोड गुणिले २० सेकंद, अधिक बसवण्या-आवळण्याचा वेळ. हे उत्तर गोंदाच्या एकूण जोडणी-वेळेच्या निम्म्यापर्यंत असेल तर निर्धास्त राहा. त्यापुढे गेलं तर एक तर हळू सुकणारा गोंद घ्या किंवा काम टप्प्यांत वाटा.

आधी सरस होता, मग पांढरा गोंद आला

आपल्याकडे जुने सुतार सरस वापरायचे. जनावरांचं कातडं आणि हाडं उकळून बनवलेला हा गोंद. त्याच्या वड्या भिजवायच्या, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवायच्या आणि गरम असतानाच लावायच्या. थंड झाला की तो जेलीसारखा घट्ट होतो. वास येतो, विस्तव लागतो, वेळ जातो.

१९५९ साली बळवंतराय पारेख यांनी फेव्हिकॉल बाजारात आणला आणि हे चित्र पालटलं. पारेख यांनी उमेदीच्या काळात मुंबईत एका लाकूड व्यापाऱ्याकडे शिपायाचं काम केलं होतं, त्यामुळे सुतारांची अडचण त्यांनी जवळून पाहिलेली होती. तापवायला नको, वितळवायला नको, डबा उघडा आणि लावा. पुढे 'फेव्हिकॉल' हा शब्दच गोंदाला पर्याय झाला. आजही दुकानात लोक कोणत्याही कंपनीचा पांढरा गोंद 'फेव्हिकॉल' म्हणूनच मागतात.

पण त्याआधीही किचकट जोडणी होत होतीच ना? बैलगाडीचं चाक आठवा. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, बाहेरचे पुठ्ठे आणि त्यावर लोखंडी धाव. लोहार धाव तापवून चढवतो. थंड होताना ती आकसते आणि सगळे जोड एकदम आवळले जातात. एवढी मोठी जोडणी, पण तिची सगळी ताकद अचूक मापात आणि त्या धावेच्या पकडीत! गोंद कितीही भारी असला तरी जोडाचं माप चुकलं तर तो सांभाळून घेत नाही, हे लक्षात ठेवण्यासाठी हे उदाहरण उत्तम आहे.

बाजारात कोणते पर्याय आहेत?

१. नेहमीचा पांढरा गोंद. फेव्हिकॉल एसएच आणि तसेच इतर कंपन्यांचे गोंद. परतवाड्यापासून मूर्तिजापूरपर्यंत कुठेही मिळतात, खिशाला परवडतात, पाण्याने साफ होतात. चार-सहा जोडांच्या कामाला हेच घ्या. मोठं काम टप्प्यांत वाटलं तर त्यालाही हेच पुरतात. डब्यावर भारतीय मानक आयएस ४८३५ चा उल्लेख असेल तर तो लाकडासाठीच्या पीव्हीए गोंदाचा मानक आहे, हे ओळखा.

२. पटकन सुकणारा पांढरा गोंद. नावात 'स्पीड' किंवा 'फास्ट' असलेले प्रकार. घाईच्या सरळ कामाला, पट्टी किंवा बीडिंग चिकटवायला चांगले. किचकट जोडणीसाठी यांच्या वाटेला जाऊ नका.

३. जास्त उघड्या वेळेचा पीव्हीए. टाइटबाँड एक्स्टेंड हा खास याच कामासाठी आहे. उघडा वेळ १५ मिनिटं, एकूण २० ते २५ मिनिटं. टाइटबाँड ३ हा पाण्याला टिकणारा प्रकार, त्याचा उघडा वेळ ८ ते १० मिनिटं आणि एकूण २० ते २५ मिनिटं. पुन्हा सांगतो, हे आकडे थंड हवेचे आहेत. किंमत साध्या गोंदापेक्षा बरीच जास्त असते, पण एका खुर्चीला गोंद लागतो तो किती? फुटलेल्या सागवानी पायापेक्षा तो स्वस्तच पडतो.

४. द्रवरूप सरस. जुन्या सरसाचाच नवा अवतार. यात युरियासारखे पदार्थ मिसळतात, त्यामुळे तो थंड असतानाही पातळ राहतो आणि हळू घट्ट होतो. टाइटबाँडच्या द्रवरूप सरसाचा उघडा वेळ १० मिनिटं आणि एकूण २० ते ३० मिनिटं आहे. याचा मोठा फायदा म्हणजे उष्णता आणि ओलावा दिला की जोड सुटतो. आजोबांच्या काळातली खुर्ची दुरुस्त करायची असेल तर हा गुण सोन्यासारखा आहे. पण हाच त्याचा तोटाही आहे. अंगणात, ओलाव्यात किंवा तापलेल्या टिनाखाली राहणाऱ्या वस्तूला तो नको.

५. इपॉक्सी. दोन नळ्यांमधलं रेझिन आणि हार्डनर मिसळून लावायचं. अराल्डाइट स्टँडर्ड सगळ्यांना माहीत असतो. सामान्य हवेत तासाभराहून जास्त वेळ काम करता येतं. याच्यात पाणी नसतं, त्यामुळे तो हवा कोरडी आहे म्हणून सुकत नाही. रासायनिक क्रिया होऊन तो घट्ट होतो. त्यामुळे कोरड्या वऱ्हाडात किचकट कामाला हा सगळ्यात भरवशाचा. फक्त उष्णतेचं भान ठेवा. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की त्याचा वेळ जवळपास निम्मा होतो. आणि घेताना नाव नीट वाचा, कारण पाच मिनिटांत घट्ट होणारे इपॉक्सीही शेजारीच ठेवलेले असतात!

६. पॉलियुरेथेन गोंद. हा ओलावा घेऊन घट्ट होतो. म्हणजे पीव्हीएच्या बरोबर उलट! उघडा वेळ साधारण १५ ते २० मिनिटं मिळू शकतो. पाण्याला चांगला टिकतो. पण तो फेसाळून बाहेर येतो, हाताला लागला तर दिवसेंदिवस निघत नाही आणि ढिल्या जोडात फेस भरला तरी त्या फेसाला ताकद नसते. वऱ्हाडाच्या उन्हाळ्यात लाकूड फारच कोरडं असेल तर एका बाजूला ओलसर फडकं फिरवावं लागतं.

७. युरिया फॉर्माल्डिहाइड. पावडर किंवा रेझिन रूपात येतो. प्लायवूड कारखान्यांत याचा वापर मोठा. वाकवून चिकटवलेल्या पट्ट्यांसाठी उत्तम, कारण सुकल्यावर तो कडक राहतो. पीव्हीए मात्र सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. बंगईची वळणदार पाठ पातळ पट्ट्या वाकवून करणार असाल तर युरिया गोंद किंवा इपॉक्सी घ्या, पांढरा गोंद नको. यातून फॉर्माल्डिहाइड वायू निघतो, म्हणून काम उघड्या हवेतच करा.

आणि हे दोन या कामासाठी नकोतच. सनमायका चिकटवायचा रबरी गोंद, कारण तो टेकताक्षणी पकडतो आणि सरकवायला वावच देत नाही. आणि सेकंदात चिकटणारा फेव्हिक्विकसारखा गोंद, तो तर कुसूच्या जोडासाठी बनलेलाच नाही.

कुसू अर्ध्यातच का अडकतं?

हा प्रश्न अनेकांना पडतो. कोरडं बसवताना अगदी छान बसलेलं कुसू गोंद लावल्यावर जातच नाही. कारण पांढऱ्या गोंदातलं पाणी! लाकूड पाणी पितं आणि फुगतं. भोक आणि कुसू यांच्यात आधीच जागा नसेल तर मिनिटभरात ते जाम होतं. गोंद सुकलेला नसतो, लाकूड फुगलेलं असतं.

म्हणून कोरडं कुसू हाताच्या जोराने, फार तर हातोडीच्या हलक्या टोल्याने आत गेलं पाहिजे. ठोकून ठोकून बसवावं लागत असेल तर पटाशीने थोडं कमी करा. भोकाच्या तळाशी जादा गोंद मावेल एवढी बारीक जागाही ठेवा. नाहीतर आत कोंडलेला गोंद कुसूला पुढे जाऊ देत नाही आणि जोर लावला तर पाय उभा चिरतो. इपॉक्सीत पाणी नसल्यामुळे फुगण्याची ही भानगड नाही, उलट तो वंगणासारखा काम करतो. पंधरा-वीस घट्ट जोड एकाच वेळी बसवायचे असतील तर इपॉक्सी निवडण्याचं हे सगळ्यात मोठं कारण.

मेळघाटचं सागवान आणि गोंदाचं भांडण

वऱ्हाडात चांगलं फर्निचर म्हणजे सागवान, आणि सागवान म्हटलं की मेळघाट आणि परतवाडा हे समीकरण ठरलेलंच. सागाला वाळवी आणि पाणी सहजासहजी का बाधत नाही? त्याच्या आत असलेल्या तेलकट पदार्थांमुळे. पण हाच तेलकटपणा गोंदाला लाकडात मुरू देत नाही.

उपाय सोपा आहे. जोड ताजा कापा किंवा त्यावर ताजा रंधा मारा आणि शक्यतो त्याच दिवशी गोंद लावा. महिनाभर आधी कापून ठेवलेल्या तुकड्यांवर तेल पृष्ठभागावर आलेलं असतं. असे तुकडे वापरायचे असतील तर स्वच्छ फडक्यावर अॅसिटोन किंवा थिनर घेऊन जोड पुसा, ते पूर्ण उडू द्या आणि लगेच गोंद लावा. हे करताना जवळ विडी-सिगारेट, गॅस किंवा ठिणगी उडणारं मशीन नको. हे द्रव झटकन पेट घेतात.

सागात सिलिका असते, त्यामुळे पटाशी आणि रंध्याची धार लवकर जाते. बोथट पटाशीने घासलेला जोड दिसायला गुळगुळीत असतो, पण तिथले धागे चेपलेले असतात. तिथे गोंद नीट धरत नाही. म्हणून धार लावायचा कंटाळा करू नका.

गोंद न बदलता वेळ कसा वाढवायचा?

दरवेळी महागडा गोंद घ्यायलाच हवा असं नाही. नेहमीच्या डब्यातूनही जास्त वेळ काढता येतो.

• वेळ निवडा. उन्हाळ्यात जोडणी सकाळी सहा-सातला करा. दुपारी कापणं, घासणं ही कामं घ्या.

• कूलरचा फायदा घ्या. वऱ्हाडात घरोघरी कूलर असतोच. तो हवा थंडही करतो आणि ओलसरही, म्हणजे पांढऱ्या गोंदाला हवं तेच! फक्त वाऱ्याचा झोत थेट जोडांवर येऊ देऊ नका, वाऱ्याने गोंद लवकर सुकतो. आणि लाकूड दिवसेंदिवस कूलरसमोर ठेवू नका, ते फुगेल. जोडणीपुरता तासभर कूलर पुरे.

• काम टप्प्यांत वाटा. वरच्या खुर्चीचे २८ जोड असे वाटता येतात: आधी पाठीच्या पाच उभ्या पट्ट्या वरच्या आणि मागच्या पट्टीत, १० जोड. मग हा सांगाडा आणि खालची मागची पट्टी मागच्या दोन पायांत, ६ जोड. पुढचे दोन पाय आणि त्यांच्या दोन पट्ट्या, ४ जोड. शेवटी बाजूच्या चार पट्ट्या घालून पुढचा-मागचा भाग एकत्र, ८ जोड. सगळ्यात मोठा टप्पा दहा जोडांचा, म्हणजे गोंद लावायला साडेतीन मिनिटांच्या आत! प्रत्येक टप्प्यात कर्ण मात्र मोजा. एका भागात वाक राहिला तर पुढचा भाग बसत नाही.

• कोरडी जोडणी करा. गोंदाशिवाय सगळं एकदा जोडा, शिकंजेही आवळून पाहा. प्रत्येक जोडावर पेन्सिलीने नंबर टाका. शिकंजे मापाला उघडून हाताशी ठेवा. घड्याळ लावून बघा किती वेळ लागला. कोरड्यात जे काम पंधरा मिनिटांत होत नाही ते गोंद लावून दहा मिनिटांत होणार नाही.

• टोकाला आधी पातळ हात मारा. जिथे लाकडाच्या नळ्या उघड्या आहेत तिथे गोंदाचा एक पातळ थर द्या, मिनिटभराने दुसरा. पहिला थर लाकडाची तहान भागवतो.

• पसरट ब्रश आणि दोन माणसं. बोटाने गोंद लावण्यात निम्मा वेळ जातो. एकाने लावायचं, दुसऱ्याने बसवायचं.

• पाणी घालायचं तर जपून. अनेकजण डब्यात सरळ पाणी ओततात. काही कंपन्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत पाणी चालतं असं सांगतात. म्हणजे १०० ग्रॅम गोंदात फक्त ५ ग्रॅम, साधारण चमचाभर! त्याहून जास्त पाणी म्हणजे वेळ मिळेल, पण जोड राहणार नाही.

विकत घेतलेला गोंद घरीच तपासा

हा प्रयोग तासाभराचा आहे आणि अगदी फुकट. ज्या लाकडाचं फर्निचर करणार त्याच्याच टाकाऊ तुकड्यांच्या पाच जोड्या घ्या. काम जिथे करणार तिथेच आणि त्याच वेळेला बसा. पाचही जोड्यांना एकदम गोंद लावा. पहिली जोडी ३ मिनिटांनी दाबून शिकंजा लावा, दुसरी ५, तिसरी ७, चौथी १० आणि पाचवी १५ मिनिटांनी. वर आकडे लिहून ठेवा.

दुसऱ्या दिवशी एकेक जोडी पटाशी घालून फोडा. लाकडाचे धागे फाटून निघाले तर गोंद लाकडापेक्षा मजबूत ठरला, म्हणजे तेवढा वेळ सुरक्षित. जोड गोंदाच्या रेषेवर स्वच्छ सुटला आणि गोंद चकचकीत दिसला, तर तो वेळ संपलेला होता. शेवटची सुरक्षित जोडी जेवढ्या मिनिटांची, तेवढा तुमचा खरा उघडा वेळ. हा आकडा डब्याच्या झाकणावर महिन्यासकट लिहा. मे महिन्याचा आणि ऑगस्टचा आकडा पाहून तुम्हीच थक्क व्हाल.

मग नक्की कोणता घ्यायचा?

• स्टूल, चौकट, साधा पाट, सहा-आठ जोड: नेहमीचा पांढरा गोंद, सकाळच्या वेळी.

• खुर्ची, दिवाण, टेबल, टप्प्यांत वाटता येणारं काम: नेहमीचा पांढरा गोंद किंवा जास्त उघड्या वेळेचा पीव्हीए.

• जाळीचा देव्हारा, एका दमातच बसवावं लागणारं, वीसहून जास्त घट्ट जोड: हळू घट्ट होणारा इपॉक्सी.

• जुन्या वाड्यातलं, पुढे पुन्हा उघडावं लागेल असं फर्निचर: द्रवरूप सरस. त्याआधी जुना गोंद कोणता आहे ते पाहा. जुन्या सरसाला नवा सरस छान धरतो. जुन्या पीव्हीएच्या थरावर मात्र नवा पीव्हीए नीट धरत नाही, तो खरवडून काढावा लागतो.

• ओसरीतली बंगई, अंगणातला बाक, न्हाणीजवळचं कपाट: पाण्याला टिकणारा गोंद. युरोपीय मानकात डी १ ते डी ४ अशा पायऱ्या असतात. डी १ फक्त कोरड्या जागेसाठी. जिथे अधूनमधून पाणी लागतं तिथे किमान डी ३ पाहा, उघड्यावर डी ४.

या चुका टाळा

बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने चोळू नका. तो लाकडाच्या छिद्रांत पसरतो आणि पॉलिश केल्यावर तिथे फिकट डाग दिसतो. अर्धवट घट्ट, रबरासारखा झाला की पटाशीने अलगद उचला.

शिकंजा जीव खाऊन आवळू नका. कडेने बारीक थेंबांची रांग आली की पुरे. फार आवळलं तर चौकटच वाकडी होते.

रुंद फळी चौकटीत गोंदाने चिकटवू नका. सागाची ४५० मिलिमीटर रुंद फळी, ओलावा ६ टक्क्यांनी वाढला तर तब्बल ५ मिलिमीटरपर्यंत फुगू शकते. उन्हाळ्यात कोरडी असताना चिकटवलेली फळी पावसाळ्यात चौकट फोडते. तिला खाचेत मोकळी राहू द्या, तिथे कुठलाच गोंद नको.

इपॉक्सी वाटीत ढीग करून ठेवू नका. एकत्र राहिलं की ते स्वतःच तापतं आणि उन्हाळ्यात वाटीतच दगड होतं. थोडं थोडं मिसळा, पसरट ताटलीत ठेवा. हातात मोजे घाला, कारण सतत त्वचेला लागल्यास अॅलर्जी होते.

थंडीतही जपा. पीव्हीए ठरावीक तापमानाखाली पापुद्रा धरत नाही, खडूसारखा पांढरा भुगा होतो. अमरावती-अकोल्यात दिवसा ही वेळ सहसा येत नाही, पण चिखलदऱ्याला डिसेंबरच्या रात्री गोंद लावून उघड्यावर ठेवणार असाल तर विचार करा.

तर मंडळी, हळू सुकणारा गोंद म्हणजे कमजोर गोंद नव्हे. तो फक्त तुम्हाला चूक सुधारायला वेळ देतो. गुण्या लावायला, कर्ण मोजायला, एक पाय उचललेला दिसला तर तो खाली बसवायला. खरेदीआधी जोड मोजा, माहितीपत्रकातला उघडा वेळ वाचा आणि घरच्या लाकडावर एकदा तपासून घ्या. एवढं केलं तर भर उन्हाळ्यातही खुर्ची चारही पायांवर उभी राहील.

तुमच्या ओळखीत कोणी घरीच फर्निचर बनवत असेल किंवा सुताराकडून बनवून घेत असेल, तर हा लेख त्यांना नक्की पाठवा. आणि हो, तुमच्या गावात उन्हाळ्यात गोंद किती मिनिटं टिकतो, तेही कमेंटमध्ये सांगा!